मध्ये पडू नकोस

कारंजा लाड, जि. अकोला
११ नोव्हेंबर १९७४

सप्रेम जयभीम.

तुमचा मासा सुखरूप पोचला. गावाकडे येणाऱ्या दौलतसिंग भाऊंनी तो डबा मुंबईपासून मूर्तिजापूरपर्यंत मांडीवर धरला, आणि तिथून आपल्या छोट्या गाडीत उभ्यानं आले, कारण बसले तर गर्दीत डबा कलंडला असता. दारात आल्या आल्या म्हणाले, "वहिनी, जगदेवनं लग्नातले आहेरबी इतके जपले नसतीन." लग्नाला महिना होत नाही तोच तुम्ही मत्स्य खात्याच्या ट्रेनिंगला गेलात, आणि तिकडून आधी पाठवलात तो मासा. बायकोची खुशाली मागाहून विचारलीत तरी चालेल.

तुम्ही सांगितलं होतं तसंच सगळं केलं. डबा टाकीच्या पाण्यात तरंगत ठेवला, रांजणातलं पावसाचं पाणी त्यात वाटीवाटीनं घातलं, विहिरीचं घातलं नाही. मग नव्या माशाला हळूच सोडलं. पंज्याएवढा गोल, चपटा, निळसर रेघांचा. सुंदर आहे हो. डिस्कस हे नाव सासूबाईंना म्हणता येत नाही, त्या "थाळीमासा" म्हणतात.

टाकीतला तुमचा जुना मासा आधी नुसता बघत राहिला. मग त्याच्या अंगावरचे पट्टे काळे पडले आणि तो सरळ नव्या माशाच्या कुशीवर जाऊन आदळला. पुन्हा आदळला. नवा गोल गोल पळाला आणि शेवटी मागच्या कोपऱ्यात दगडाआड जाऊन उभा राहिला. तेव्हापासून तिथंच आहे. मी आजवर मासे फक्त बाजारात पाहिलेत, ते भांडत नाहीत. मला भीती वाटते. हा त्याला मारून टाकेल का?

सासूबाई समोर बसल्या आहेत. पत्र लिहून झालं की मी त्यांना वाचून दाखवते, तुमचं आलेलंही वाचून दाखवते, तसा त्यांचा नेम आहे. त्यांची तब्येत बरी आहे. त्यांनी सांगितलं की तेल लावत जा आणि मुंबईचं पाणी उकळून प्या.

तुमची
विजयमाला


मुंबई
१७ नोव्हेंबर १९७४

प्रिय विजयमालास, जयभीम.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मासा जिवंत पोचला हेच मोठं. इथल्या एका पारशी म्हाताऱ्याकडून मिळवला आहे, त्यांनी तो लहानाचा मोठा केला. त्यांच्याकडे जोडी लागलेले डिस्कस आहेत, मी तासन्‌तास बघत बसतो. यांच्यात नर कोणता आणि मादी कोणती हे नुसतं पाहून कोणालाच सांगता येत नाही. अंडी घातली की मगच कळतं. पण आपला जुना नर असावा आणि नवी मादी, असं माझं मन सांगतं. तूही 'नवी' म्हण.

तू घाबरू नकोस. जुना वर्षभर एकटा राहिलाय, सगळी टाकी त्याची आहे. नवीन कोणी आलं की तो मारणारच. म्हातारे म्हणतात, काही आठवडे ढकलाढकली चालते, मग एकजण दबतो आणि दोघं शेजारी शेजारी उभे राहायला लागतात. आपण हात घातला तर दोघंही बिथरतात. म्हणून माझं एकच सांगणं आहे, मध्ये पडू नकोस. आपोआप जुळेल.

थंडी वाढली की टाकीवरचा बल्ब दिवसाही चालू ठेव. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली बूच लावून टाकीत सोड. गांडुळं बारीक कापून घालत जा.

मायला जयभीम. तुझी प्रकृती ठीक असेलच.

जगदेव


कारंजा लाड
२५ नोव्हेंबर १९७४

सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र वाचून दाखवलं. सासूबाईंना ते फार आवडलं. "पाय, त्यालेबी समजते," म्हणाल्या. "घरचा तो घरचा. नवी आलेलीनं दबूनच राहा लागते." मला एक भाग पुन्हा वाचायला लावला, मध्ये पडू नकोस हा.

नवीचं काही खरं नाही. रंग उतरून शेवाळासारखा झाला आहे, पंख अंगाला चिकटवून ती तिरपी उभी राहते. मी गांडुळाचे तुकडे टाकले की जुना आधी सगळीकडे फिरून खातो. त्याचं पोट भरलं तरी तिला पुढे येऊ देत नाही, तुकड्यावर नुसता उभा राहतो. मी काडीला तुकडा लावून तिच्या कोपऱ्यात नेला. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात तो आला. तिच्या शेपटीचा एक भाग फाटला आहे.

आपोआप जुळेल असं तुम्ही म्हणता. तोवर ती जगली पाहिजे ना.

अक्षर वाकडं आलं आहे, त्याला हसू नका. उजव्या हाताचं बोट दारात चेंगरलं. बालवाडीत मी पोरांना वाकड्या अक्षराबद्दल उभं करायची, आता माझीच पाळी.

सासूबाई बऱ्या आहेत. त्यांनी विचारलं आहे की सुटी कधी मिळते.

विजयमाला


मुंबई
१ डिसेंबर १९७४

प्रिय विजयमालास, जयभीम.

बोटाला हळद आणि तेल गरम करून लाव. पाण्यात घालू नकोस, टाकीच्या तर मुळीच नाही, हळद माशांना सोसत नाही.

नवीबद्दल मी म्हाताऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, टाकीतले दगड सगळे उचलून वेगळ्या जागी मांडा, म्हणजे जुन्याला आपली जागा ओळखू येत नाही आणि त्याचा जोर कमी होतो. त्यानंही नाही भागलं तर टाकीच्या मध्ये काच उभी करतात. दिसतं एकमेकांना, पण मारता येत नाही. पण काच शेवटचा उपाय. मला विचारशील तर अजून थोडं थांब. आपल्याला जे मारणं वाटतं ते त्यांचं एकमेकांना ओळखणं असतं. मी लहानपणापासून हेच पाहत आलो, भांडणात तिसरा शिरला की भांडण वाढतं. मध्ये पडू नये.

सुटी मार्चच्या आधी नाही. दिवाळीला येता आलं असतं, पण इथं राहून प्रॅक्टिकल पुरं करावं असं वाटलं. मायला सांग, तेल लावतो.

जगदेव


कारंजा लाड
८ डिसेंबर १९७४

हे पत्र मी कोणालाही वाचून दाखवलेलं नाही. शेजारी पंचफुलाबाईंच्या घरी बसून लिहिते आहे. त्या दारात बसून तूर निवडताहेत आणि रस्त्याकडे लक्ष ठेवून आहेत.

बोट दारात चेंगरलं नव्हतं. तो चुलीतला चिमटा होता. मी न विचारता टोपल्यातली भाकरी घेतली होती. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात हे सुरू झालं. मी जेवायला बसले की सासूबाई ताटासमोर येऊन उभ्या राहतात, काही बोलत नाहीत, नुसत्या उभ्या. दोन घास खाऊन मी उठते. कधी हात उगारतात, कधी खरंच मारतात. मग टाकीकडे बोट दाखवून म्हणतात, "तिले पाय. ते कशी गुमान उभी हाय कोपऱ्यात." मी त्यांचं पाऊल ओळखायला लागले आहे. पाऊल वाजलं की मी हातातला घास खाली ठेवते.

आणि आता ललितांबद्दल. लग्न ठरताना आम्हाला एवढंच सांगितलं होतं की पहिलीशी पटलं नाही, ती रिसोडला माहेरी गेली. माझ्या बाबांनी पुढे विचारलं नाही, मीही नाही. काल पंचफुलाबाई बोलल्या. "बाई, ललिता याच वट्यावर बसून जेवे. मी ताट देवो. जगदेव घरातच राहे, पन टाकीपुढं बसे, इकडं पाठ करून. एका शब्दानं बोले नाही." मला इतके दिवस वाटत होतं की तुम्ही मारणारे असाल तर माझं कसं होणार. रोज रात्री तेच मनात यायचं. आता कळलं की तुम्ही मारणारे नाही. भीती मात्र कमी झाली नाही, वाढली.

तुमची दोन्ही पत्रं मी पुन्हा काढून वाचली. दोन्हींत तेच वाक्य आहे.

मी तुमचं ऐकलं नाही. काल मी टाकीत काच घातली. तुमच्या खात्याचा तो मोठा ग्रुप फोटो आहे ना, त्याची काच काढली. थोडी तोकडी पडली, खाली दगड रचले. फोटो जपून ठेवला आहे. तुम्ही मागच्या रांगेत आहात, चेहरा अर्धा दुसऱ्याच्या टोपीमागे.

मला एवढंच विचारायचं आहे, आणि खरं सांगा. तुम्हाला हे ठाऊक होतं का? आणि आता ठाऊक झालं आहे तर काय करणार?

उत्तर पंचफुलाबाईंच्या पत्त्यावर पाठवा. घरच्या पत्त्यावर नको, हात जोडते. मी घरी नसले की सेवालाल पोस्टमन ओट्यावर बसून सासूबाईंना पत्र वाचून दाखवतात, हे तुम्ही जाणता.

विजयमाला


मुंबई
१४ डिसेंबर १९७४

प्रिय विजयमाला, जयभीम.

पत्र मिळालं. दोन दिवस ते खिशात घेऊन हिंडलो.

हे पत्र मी आपल्याच पत्त्यावर पाठवतो आहे. आपल्या घरचं टपाल शेजाऱ्यांच्या घरी जावं हे मला बरं वाटत नाही. दुपारी टपाल येतं तेव्हा तू घरीच असतेस. आणि पंचफुलावहिनींना घरातल्या गोष्टी सांगत जाऊ नकोस. गावात एकदा बोभाटा झाला की तो पुसता येत नाही, मागच्या वेळी मी ते भोगलं आहे.

माय मनानं वाईट नाही. तिनं फार सोसलं आहे. चिमट्याचं वाचून मला वाईट वाटलं, तिनं तसं करायला नको होतं. मी मार्चमध्ये आलो की तिच्याशी शांतपणे बोलेन. तोवर थोडं सांभाळून घे. तू शिकलेली आहेस, समजूतदार आहेस. तिच्या समोर जेवायला बसू नकोस, म्हणजे प्रश्न येणार नाही.

काच घातलीस ते एका परीनं ठीक झालं. दोघांचं वागणं कसं आहे ते कळव.

जगदेव


कारंजा लाड
१९ डिसेंबर १९७४

तुमचं पत्र आलं तेव्हा मी नळावर होते.

सेवालालभाऊंनी ते ओट्यावर बसून वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. त्यांचा दोष नाही, पुढे काय आहे हे वाचल्याशिवाय त्यांना कसं कळणार? चिमट्याचं वाचलं, पंचफुलाबाईंचं वाचलं, काचेचं वाचलं. गल्लीतल्या बाया ऐकत होत्या. मी डोक्यावर हंडा घेऊन वळणावर आले तर सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं तुमचं काही बरंवाईट झालं. खरंच, पहिल्यांदा तेच वाटलं.

घरात गेले तर सासूबाई टाकीजवळ उभ्या होत्या. हातात ती काच, पाणी गळत होतं.

त्या आधी काय होतं तेही सांगते, कारण तुम्ही विचारलं आहे. काच घातल्यावर नवीचा रंग परत आला. निळ्या रेघा दिसायला लागल्या. जुना पहिले दिवस काचेवर धडका मारायचा, मग थकला. नंतर नंतर दोघे काचेच्या दोन बाजूंना अगदी जवळ उभे राहायचे, तोंडाशी तोंड. मी तुम्हाला आनंदानं लिहिणार होते.

सासूबाई म्हणाल्या, "आता पायतो, कोन मध्ये पडते." आणि काच जमिनीवर टाकली. पाण्यात जुना नवीवर तुटून पडला. तिला कोपऱ्यात गाठून तो आदळत राहिला, खवले खाली पडत होते. ती आडवी झाली. मी टाकीजवळची रिकामी घागर बुडवून तिला उचललं. तेव्हा माझ्या मानेवर बसला तो चिमटा. "निघ. मुंबईले लिवते! माह्या लेकाले माह्याविरुद्ध लिवते!" मी निघाले. घागर हातात होती, ती घेऊनच निघाले. मागून कडी लागली. माझ्या पायाला काच लागली होती हे मला पंचफुलाबाईंच्या ओट्यावर रक्त पाहून कळलं.

मी त्यांच्याकडेच आहे. त्यांनी माझी पिशवी आणून दिली. नवीला त्यांच्या मोठ्या गंगाळात ठेवली आहे, दिवसा उन्हात, रात्री चुलीजवळ. जगेल असं वाटत नाही.

तुम्ही लिहिलंत, तिच्यासमोर जेवायला बसू नकोस. एवढंच सुचलं तुम्हाला.

पुढच्या शनिवारच्या टपालापर्यंत मी इथं थांबते. काही आलं नाही, किंवा असंच काही आलं, तर रविवारच्या गाडीनं शेलूबाजारला बाबांकडे जाईन. मग परत येणार नाही, कोणी न्यायला आलं तरी नाही.

विजयमाला


मुंबई
२४ डिसेंबर १९७४

सेवालालभाऊ, हे पत्र मायच्या नावाचं हाय. वट्यावर बसूनच वाचा, मोठ्यानं. शेजारीपाजारी असतीन तर असू द्या. एकबी शब्द सोडू नका.

माय, जयभीम.

तुले वाचता येत नाही, म्हनून आपल्या घरात कोनी कोनाले खरं लिवतच नाही. आज मी लिवून राह्यलो.

तू विजयमालेले चिमट्यानं मारलं. तिच्या ताटापुढं उभी राहून तिले अर्ध्या जेवनातून उठवलं. ललितालेबी तू असंच केलं होतं. मी टाकीकडं तोंड करून बसलो राहो, तुले वाटे जगदेवले दिसत नाही. माय, टाकीच्या काचीत मागचं सारं दिसते. मले सारं दिसे.

हे मासे पिल्लायले आपल्या आंगावरचं खाऊ घालतात. पिल्लं मायबापाच्या आंगाले चिकटून राह्यतात अन् त्याच्यावरच वाढतात. तू मले तसंच वाढवलं. बाप गेला तवा मी केवढा होतो? दुसऱ्याच्या वावरात निंदून तू मले शिकवलं, सोता उपाशी राह्यली. ते मी इसरलो नाही, म्हनून तुह्यापुढं माही जीभ कधी उचलली नाही. पन तू उपाशी राह्यली म्हनून तिनं काहून उपाशी राहावं?

मी तीन तारखेले येऊन राह्यलो. साह्यबाले सांगून रजा घेतली. तवरोक विजयमाला पंचफुला वहिनीकडं राहीन. तिले शिव्या देऊ नको, तिच्या दाराशी जाऊ नको. ट्रेनिंग झालं की वाशीमले खोली पाहीन, अन् आमी दोघं तिथं राहू. तुले टाकून देत नाही, दर आठवड्याले येत जाईन, दुखलंखुपलं तर मीच पाहीन. पन एका चुलीवर तुमी दोघी आता राहानार नाही.

माय, मले तुहा भेव लागते. लहानपनापासून लागते. हे पत्र लिवतानाबी लागून राह्यला. तरी लिवलं.

तुहा
जगदेव


कारंजा लाड
२८ डिसेंबर १९७४

सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र आज वाचलं गेलं. मी पंचफुलाबाईंच्या दारामागे उभी राहून ऐकलं. पुढे यायचा धीर झाला नाही. सेवालालभाऊंनी आधी वरची ओळ मनात वाचली, मग चष्मा पुसला, मग उभं राहून वाचलं. ते एरवी बसून वाचतात.

ललितांचं नाव आलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हे जगदेवचं अक्षर नोहे." सेवालालभाऊ म्हणाले, "मावशी, तुमाले अक्षर कवापासून ओळखू याले लागलं?" कोणी हसलं नाही. त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून वाचायला लावलं. दुसऱ्यांदा त्यांनी मान खाली घातली होती. उपाशी राहिल्याची ओळ आली तेव्हा त्यांनी पदर तोंडावर घेतला. मला त्यांची दया आली, आणि त्याच वेळी भीतीही वाटली, कारण आता त्या काय करतील ते कळेना. पत्र संपल्यावर "अजून काय लिवलं?" एवढंच विचारलं. काही नाही म्हटल्यावर उठून आत गेल्या आणि कडी लावली. संध्याकाळपर्यंत त्यांच्या चुलीचा धूर दिसला नाही. पंचफुलाबाई खिडकीतून भाकरी देऊन आल्या.

नवी जगली. गंगाळात तिनं आज गांडुळाचा तुकडा खाल्ला. एक पंख मात्र अर्धाच राहील.

तुमचे आभार मानायचे असं मनात होतं, पण मानत नाही. तुम्ही घाबरता हे तुम्ही लिहिलंत, ते मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत तुमच्याबद्दल मला कळलेली ती पहिलीच खरी गोष्ट. पण मुंबईत बसून लिहिणं वेगळं. त्या समोर उभ्या राहिल्यावर तुम्ही काय कराल हे मला ठाऊक नाही, आणि मला वाटतं तुम्हालाही नाही.

उद्याच्या गाडीनं मी जात नाही. तीन तारखेपर्यंत आहे. तुम्ही स्टेशनवरून सरळ इकडे येऊ नका. आधी आपल्या घरी जा. दार तुम्ही वाजवा. त्या चिमटा घेऊन बाहेर आल्या तर मागे सरू नका, आणि टाकीकडे जाऊन बसू नका. पत्रात जे लिहिलं आहे ते त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणा. मी या ओट्यावर उभी असेन, तिथून आपलं दार दिसतं. माझी पिशवी भरलेली आहे. तुमच्याबरोबर वाशीमला यायचं की शेलूबाजारच्या गाडीत बसायचं, ते मी तेव्हा तुमच्याकडे बघून ठरवीन.

विजयमाला